नर्मदेला आणायला सातपुड्यात

आधी माझ्या अक्षराची माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. चौथीची परीक्षा झाली त्याच वैशाखात लग्न झालं आणि त्यानंतर लेखणी हातात आली ती वाण्याच्या यादीपुरती. ऱ्हस्वदीर्घ मला कधी जमलं नाही. ओळ डावीकडे नीट सुरू होते आणि उजवीकडे घसरते. वहीसुद्धा ह्यांच्या कचेरीतल्या जुन्या कागदांची आहे, मागची शाई पुढे उमटली आहे. वाचणारं कोणी असलंच तर त्याने सांभाळून घ्यावं. मी परक्यांसमोर बोलू शकत नाही. माझ्या लग्नात उखाणासुद्धा करवलीने घेतला होता. म्हणून तिकडे जे पाहिलं ते कोणाला सांगितलं नाही, लिहून ठेवते आहे.

चिखली

माझी धाकटी बहीण गोदा जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी राहत होती. मेहुणे जंगल खात्यात कारकून होते. मानमोडीच्या तापाच्या साथीत दोघंही चार दिवसांच्या अंतराने गेली. मागे राहिली सहा वर्षांची नर्मदा. तिला जवळच्या मिशनच्या वस्तीतल्या एका गोऱ्या बाईने उचलून नेलं. औषधं, गोदेच्या सरणाची लाकडं आणि पोरीचे कपडे मिळून त्या बाईचे तीस रुपये खर्च झाले. तसं पत्र आलं. ह्यांनी उलट लिहिलं की पैसे पाठवतो, मुलीला न्यायला माणूसही पाठवतो. पैसे गेले नाहीत आणि माणूसही गेला नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्या पोरीने तिथलं अन्न खाल्लं. आता ती आपल्या चुलीपाशी कशी यायची?" मी चुलीपाशीच बसले होते. काही बोलले नाही. पुढे सात वर्षं बोलले नाही.

मला मूलबाळ नाही. सहा वर्षांनी सासूबाई वारल्या. वर्षश्राद्ध झालं आणि मी ह्यांना म्हटलं, मी नर्मदेला घेऊन येते. ह्यांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "जा. पण घरात तिला कुठे ठेवायचं ते आधी ठरव."

मी ते ठरवलं नव्हतं. वाटलं, वाटेत ठरेल.

सोबत अमीनाबीची मिळाली. तिचे यजमान हसनभाई बांगड्यांचा व्यापार करतात. दर माघात दोघं सातपुड्याच्या बाजाराला जातात, डोंगरातल्या कोरकू बायांना बांगड्या भरायला. अमीनाबीशी माझा जुना व्यवहार. मी शेवया वळते आणि ती ईदच्या आधी त्या आपल्या मोहल्ल्यात विकून देते. त्या शेवयांचे साठवलेले दहा रुपये मी कमरेला बांधले. दुधातल्या दशम्या केल्या, मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि फिरकीचा तांब्या घेतला. विहिरीतून माझं मी पाणी काढावं म्हणून दोरही घेतला.

अमीनाबीने दोर पाहिला आणि हसली. "वयनी, तुया हातच्या शेवया आमच्या ईदले चालते, अन आमच्या हातचं पानी तुले नाही चालत. हे कोनतं गनित हाय वं?"

मी दोर पदराखाली घेतला. हसनभाई म्हणाले, "काऊन सतावतं तिले? बस गाडीत."

मलकापूर

बुलढाण्याहून घाट उतरला की हवा बदलते. वर आमच्याकडे पहाटे शाल लागते, खाली सूर्य उगवला की पदराने वारा घ्यावा लागतो. जमीन सगळी काळी, सपाट. वेचणी संपलेल्या कापसाच्या पराट्या उभ्या आणि त्यांना चुकून राहिलेली बोंडं. मलकापुरात कापसाच्या गाड्यांची एवढी रांग लागली होती की आमच्या गाडीला स्टेशनात जायला दोन तास लागले. हवेत कापूस उडत होता, हसनभाईंची दाढी होती त्याहून पांढरी झाली. अमीनाबी म्हणाली, "पाहा, बुढा झाला. आता दुसरी नाही मिळत याले."

मी आगगाडीत पहिल्यांदाच बसले. नांदुऱ्यापर्यंतच होती, पण मी सारा वेळ डोळे मिटून कमरेची गाठ धरून बसले, त्यामुळे आगगाडी कशी असते हे मला लिहिता येत नाही.

पूर्णेकाठ

नांदुऱ्याहून भाड्याची बैलगाडी. पूर्णेच्या अलीकडे पलीकडे सगळं पाणी खारं. एका देवळाच्या विहिरीवर मी दोर सोडून पाणी काढलं, तोंडात घेतलं आणि थुंकलं. तिथल्या बाया हसल्या. त्या याच पाण्यात डाळ शिजवतात आणि ती शिजत नाही म्हणून रोज रडतात, असं त्यांनीच सांगितलं. आमच्या चिखलीच्या पाण्याला मी कधी गोड म्हटलं नव्हतं. तांब्यात घरचं चार घोट उरलं होतं. ते मी नर्मदेसाठी राखून ठेवलं. तिला म्हणणार होते, हे तुझ्या घरचं पाणी.

नदीपाशी अमीनाबीने ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा काढला. मी पाठ वळवून दशमी खाल्ली. इतका लांबचा प्रवास एकत्र करून आम्ही जेवायला मात्र पाठीला पाठ लावून बसलो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वस्ती

तिसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. डोंगर जवळ आला की पळस दिसतो, पानं नाहीत, नुसती केशरी फुलं. आधी कोरकूंचं जुनं गाव लागलं. समोरासमोर घरांच्या दोन ओळी, मध्ये झाडून घेतलेला रस्ता, कुडाच्या भिंतींवर पांढऱ्या मातीचा हात. आमच्या चिखलीतल्या गल्लीपेक्षा स्वच्छ. पण निम्म्या घरांना दारं नव्हती आणि आत कोणी नव्हतं. गावाबाहेर एका झाडाखाली लाकडाच्या कोरलेल्या फळ्या उभ्या होत्या. त्यांवर चंद्र, सूर्य आणि घोड्यावरचा माणूस कोरलेला. मेलेल्या माणसाच्या नावाने ते अशी फळी उभी करतात. पुष्कळशा कलल्या होत्या, वाळवीने खाल्ल्या होत्या. नवी एकही दिसली नाही.

पुढे फर्लांगभरावर मिशनची वस्ती. सरळ रेषेत चुन्याने रंगवलेली घरं, घंटा, दगडी देऊळ आणि त्यावर पत्रा. ती माणसं इकडे आली होती.

हसनभाईंच्या ओळखीचा एक म्हातारा कोरकू फाटकाशी टोपल्या विणत होता. हसनभाईंनी विचारलं, "काय बाबा, आता तुह्यं नाव काय हाय?"

"इथं पीटर," तो म्हणाला. "जंगलवाल्या साहेबाच्या वहीत येगळं हाय. अन माय ज्या नावानं हाका मारे ते तं आता कोनी मारत नाही." आणि तो हसला. वरचे दात नव्हते.

मी पदर पुढे ओढला आणि फाटकातून आत गेले.

रशियातली बाई

गोरी बाई म्हणजे मला वाटलं होतं तशी नव्हती. ठेंगणी, रुंद गालांची, डोळे बारीक आणि तिरके, केस पिकलेले. तिने मला पाहिलं आणि कोण हे न विचारताच म्हणाली, "आपण नर्मदेच्या मावशी. आपण सात वर्षांनी आलात." तिचं मराठी छापील होतं, पुस्तकातून शिकल्यासारखं. त्या वाक्यात राग नव्हता, म्हणूनच मला ते फार लागलं.

माझा आवाज फुटेना. मी कमरेची गाठ सोडून दहा रुपये ओट्यावर ठेवले. अमीनाबीच माझ्या वतीने बोलली, "बाकीचे वीस मागून देईन म्हनते. पोरगी सोडा म्हनते."

बाईने पैशांना हात लावला नाही. "मी मुलीला तारण ठेवलेले नाही," ती म्हणाली. "ते कसे असते ते मला ठाऊक आहे. बसा."

मग तिने जे सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. ती रशियाची. तिचा जन्म देशाच्या अगदी टोकाला, समुद्रातल्या एका बेटावर झाला. तिथे वर्षाचे आठ महिने बर्फ असतं. तिची आजी तिथल्या मूळच्या लोकांतली. ते लोक कातड्याच्या होड्यांतून समुद्रातल्या जनावरांची शिकार करत. रशियाचे व्यापारी आले ते त्या जनावरांच्या केसाळ कातड्यांसाठी. त्यांनी ठाणं बांधलं, बापांना शिकारीला पाठवलं आणि त्यांची पोरं ठाण्यात ठेवून घेतली. ठरलेली कातडी पुरी झाली की पोर परत.

"अन पुरी होये?" अमीनाबीने विचारलं.

"क्वचित."

आजी पाच वर्षांची असताना अशी ठाण्यात गेली. मग त्यांच्या धर्माचा एक भटजी आला. बाई त्याला पाद्रीच म्हणाली, पण त्याला बायको होती, दाढी होती आणि तो धूप जाळी. माणूस चांगला. व्यापाऱ्यांशी भांडला, त्या लोकांची भाषा शिकला, त्या भाषेला अक्षरं करून दिली, त्यांच्याबरोबर बसून कच्चा मासा खाल्ला. म्हणून लोकांनी आपण होऊन त्याचा देव घेतला. त्याने आजीला पाणी शिंपडून नाव दिलं नाद्या. तिला रशियन बोलायला शिकवलं. मग देवीची साथ आली आणि अर्धं बेट रिकामं झालं.

"आठ वर्षांनी आजीचा बाप आला," बाई म्हणाली. "सगळी कातडी घेऊन आला. मोजली, एकही कमी नव्हती. आजी बाहेर आली. तो बोलला ते तिला कळले नाही. ती बोलली ते त्याला कळले नाही. तो कातडी ठेवून होडीत बसला आणि गेला. तिचे आधीचे नाव काय होते, ते आमच्या घरात कोणाला ठाऊक नाही."

अमीनाबी "या अल्ला" म्हणाली. मी कुडाच्या भिंतींच्या त्या दोन ओळी आठवत होते.

बाईचे यजमान इंग्रज डॉक्टर होते. ते इथेच वारले. तिच्या देशात आता देवळांना कुलपं लागली म्हणे, तेव्हा परत जायला जागा नाही. तिने आतल्या खोलीत मला तिचा देव दाखवला. काळवंडलेली लाकडी तसबीर, सोनेरी कडा, आई आणि मांडीवर मूल, पुढे तेलाचा लहान दिवा. अगदी आमच्या देव्हाऱ्यासारखं. माझे हात जोडले जाणार होते, मी ते पदरात धरले. ती म्हणाली, इथल्या पाद्रीसाहेबांना हे चालत नाही, ते म्हणतात ही मूर्तिपूजा. म्हणून पडद्यामागे ठेवते.

"ह्यांच्यातबी सोवळं असते वाट्टे," अमीनाबी माझ्या कानाशी पुटपुटली.

भाकरी आणि मीठ

तेवढ्यात नर्मदा आली.

गोदाच आली असं मला वाटलं. तीच हनुवटी, डावा खांदा किंचित वर. पांढरं लुगडं, कपाळ रिकामं. हातात ताट, ताटावर लाल भरतकामाचं फडकं, त्यावर गोल जाड पाव आणि पावाच्या मधोमध लाकडी वाटीत मीठ.

बाई म्हणाली, "आमच्याकडे पाहुण्याला दारात हे देतात. तुकडा मोडायचा, मिठाला लावायचा आणि खायचा. मग तो पाहुणा घरचा. आपण येणार हे हसनभाईंच्या निरोपाने कळले होते. तिने पहाटेपासून पीठ मळले. मला हात लावू दिला नाही."

नर्मदा माझ्यासमोर ताट धरून उभी राहिली. तिच्या मनगटाला पीठ लागलं होतं. ती ओठ दाबून हसू आवरत होती. लहानपणी गोदा अशीच करायची.

मी त्या क्षणाकडे वर्षभर रोज पाहते आहे. मला फक्त हात पुढे करायचा होता. कोणी पाहणारं नव्हतं. सासूबाई गेल्या होत्या. हे साठ कोस लांब होते. अमीनाबी काही चिखलीत डांगोरा पिटणार नव्हती. पण माझा हात मांडीवरून उचललाच गेला नाही. आणि परक्यांसमोर कधी न फुटणारा माझा आवाज नेमका तेव्हा फुटला. मी म्हणाले, "आज माझा उपास आहे."

नर्मदेने विचारलं, "कसला?"

ती नवमी होती. नवमीला कसला उपास.

"मग पाणी तरी घे मावशी. मीच भरलंय." तिने माठाकडे पाहिलं आणि मग माझ्या मांडीशी ठेवलेल्या तांब्याकडे. मी फिरकी काढली आणि तिच्यासाठी राखलेलं ते पाणी तिच्यासमोर पिऊन टाकलं.

तिने ताट ओट्यावर ठेवलं. हसू गेलं होतं. माझ्यापासून तीन हातांवर बसली. अंतर तिनेच मोजून घेतलं.

"मावशी, मला घरी नेलंस तर कुठे बसवशील?"

मी तांब्याची फिरकी लावत बसले.

"सांग ना. जेवायला कुठे?"

तिने ओट्याखालच्या पायरीकडे बोट केलं.

"ओसरीवर? का त्याच्याही खाली?"

उपासाचं खोटं मला बोलता आलं, पण हे खोटं बोलता येईना. ह्यांनी मला ठरवायला सांगितलं होतं. मी वाटेत ठरवणार होते.

अमीनाबीने मोठा तुकडा मोडला, मिठात बुडवला आणि तोंडात टाकला. "बेटी, लय झ्याक झाला पाव. तुई मावशी येडी हाय." नर्मदा तिच्याकडे पाहून हसली, पण ते वेगळं हसू होतं, परक्या माणसाशी हसतात तसं.

बाई उठली. माझे दहा रुपये उचलून तिने नर्मदेच्या हातात दिले. मला म्हणाली, "मी घेणार नाही. आपल्याला द्यायचेच असतील तर राहिलेले मुलीच्या नावाने पाठवा."

आम्ही मिशनच्या धर्मशाळेत राहिलो. सकाळी मी पुन्हा गेले. मनाशी घट्ट केलं होतं की मागून घेऊन खाईन. नर्मदा अंगण सारवत होती. म्हटलं, "कालचा पाव आहे का?"

"संपला मावशी. मुलांना वाटला." ती वर न पाहता म्हणाली. "आज भाजायचा वार नाही."

"मी थांबते."

"नको थांबू. तुझी गाडी जाईल." मग तिने शेणाचा हात तसाच ठेवून मला वाकून नमस्कार केला, पायांना न शिवता. लांबून. मला बाटवू नये म्हणून. शिकवलं कोणी असेल ते? सहा वर्षांची होती तेव्हाचं तिला आठवत असेल.

फाटकापाशी वळून पाहिलं तर आतून कोणीतरी हाक मारत होतं, "नाद्या, ए नाद्या," आणि ती ओ देत निघाली होती.

परत

परतीच्या वाटेत लिहिण्यासारखं एकच. पूर्णेपाशी गाडी थांबली. हसनभाई बैलांना पाणी दाखवायला गेले. अमीनाबीने फडक्यातून कडेचा एक तुकडा काढला. "तुया वाट्याचा ठेवला व्हता," ती म्हणाली. "देऊ का नको, पाह्यत होती."

मी तो घेतला आणि पात्राजवळ जाऊन खाल्ला. वाळून कडक झाला होता, मीठ जास्त लागलं. काहीही झालं नाही. पोटात काही झालं नाही, नदीही तशीच वाहत होती. जिच्यासमोर खायचा होता ती दहा कोस मागे राहिली होती आणि आता मी अख्खा पाव खाल्ला असता तरी उपयोग नव्हता. नदीचं खारं पाणी ओंजळीने प्यायले आणि वर आले. अमीनाबीने त्या दिवशी चेष्टा केली नाही.

घरी पोचल्यावर ह्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्या मागे कोणी नाही हे पाहिलं आणि पाय धुवायला पाणी दिलं. त्यांनाही सुटका वाटली असावी. मला त्यांचा राग आला नाही. राग यायला मी वेगळी असायला हवी होते.

पोच

राहिलेले वीस रुपये मी मनिऑर्डरीने पाठवले. फॉर्मवर मी स्वतः लिहायचे, कुमारी नर्मदा, आणि पुढे तिच्या बापाचं नाव. पहिल्या खेपेला दोन रुपये पाठवले. पंधरा दिवसांनी पोच आली. त्या चिठोऱ्यावर सही होती, नर्मदा. गोल, टपोरं अक्षर, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. पैसे ज्या नावाने येतात त्याच नावाने सही करावी लागते, असं पोस्टमास्तर ह्यांना म्हणाले होते. तिकडे तिला सगळे नाद्या म्हणतात, देवळाच्या वहीतही तेच असेल. एवढ्या एका चिठोऱ्यापुरतं तिला नर्मदा व्हावं लागत होतं.

हे लक्षात आलं तेव्हापासून मी दोनाचा एक रुपया केला. शेवया वळून पैसे हातात असत, तरी एकच. अमीनाबी म्हणायची, "येकदाच धाडून मोकळी हो ना वं, फी काऊन भरून राह्यली?" मी म्हणायचे, पैसे नाहीत. पोस्टातला कारकून हसायचा. मग मी रुपयाचे आठ आणे केले. पोचा मी देव्हाऱ्याच्या खाली एका डबीत ठेवल्या आहेत. कधी शाई निळी, कधी काळी, एकदा घाईत द चा काना राहून गेला आहे.

तरी वीस रुपये ते वीसच. गेल्या महिन्यात शेवटचे आठ आणे गेले. परवा पोच आली. खाली सही, नर्मदा. आणि सहीच्या बाजूला, जागा नव्हती तरी बारीक अक्षरात तिने लिहिलं होतं, मावशी, तीस रुपये पुरे पोचले, आता काही बाकी नाही.